दुसरा खिसा

नागपूर आणि जबलपूर या दोन शहरांच्या मनात 1 नोव्हेंबर 1956 ची तारीख अजून सलते, पण दोघांची कारणं वेगळी. त्या दिवशी राज्यांची फेररचना झाली. नागपूरची राजधानी गेली आणि पाठोपाठ उच्च न्यायालयही उठून जबलपूरला गेलं. जबलपूरकरांना खरं तर राजधानीच हवी होती. ती भोपाळला मिळाली आणि यांच्या पदरात कोर्ट पडलं. नागपूरच्या बारमधून वर आलेले मुहंमद हिदायतुल्ला या नव्या न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश झाले. ज्या शहरात मंत्रालय नाही आणि उच्च न्यायालय आहे, तिथे हुशार पोरं वकिलीकडे वळतात. अशाच पोरांतला एक 1959 मध्ये या न्यायालयाचा वकील झाला. जगदीशशरण वर्मा हे त्याचं नाव. जन्म सतन्याचा, 18 जानेवारी 1933 चा. शिक्षण अलाहाबाद विद्यापीठात, वकिलीची सुरुवात 1955 ची.

पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांचं नाव घेतलं की कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या संरक्षणाचा 1997 चा विशाखा निकाल आठवतो, नाहीतर दिल्लीतल्या बलात्काराच्या घटनेनंतरची 2012 ची समिती. इथे ते आले आहेत ते वेगळ्या कामासाठी. राजकारणात पैसा कुठून येतो आणि त्याच्यावर नजर कोणी ठेवायची, या प्रश्नाला त्यांची कारकीर्द पुन्हा पुन्हा येऊन भिडली. निवडणूक आयोगाच्या खुर्चीत मात्र ते कधी बसले नाहीत. आणि इथेच आपल्या व्यवस्थेची एक गंमत आहे.

अमेरिकेत निवडणुकीच्या पैशावर देखरेख करणारा एक स्वतंत्र आयोग आहे, फेडरल इलेक्शन कमिशन. सहा आयुक्त, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत आणि कुठलाही महत्त्वाचा निर्णय घ्यायला चार मतं लागतात. आयुक्तांत वकिलांचा भरणा असतो. ट्रेव्हर पॉटर हे त्यातलं ठळक नाव. वकिली केली, 1991 ते 1995 आयुक्त होते, 1994 मध्ये अध्यक्ष झाले, मग जॉन मॅकेन यांच्या प्रचारमोहिमांचे कायदेशीर सल्लागार आणि राजकीय पैशाच्या खटल्यांसाठी उभ्या केलेल्या एका संस्थेचे संस्थापक. 2011 मध्ये स्टीफन कोल्बेर या विनोदवीराने दूरचित्रवाणीवर स्वतःची 'सुपर पॅक', म्हणजे राजकीय पैसा गोळा करणारी समिती, काढली, तेव्हा कायद्यातल्या पळवाटा प्रेक्षकांसमोर उलगडून दाखवायला शेजारी बसले होते ते हेच पॉटर. नियामकाने निवृत्त झाल्यावर आपल्याच कायद्याची भोकं हसत हसत दाखवावीत, हे आपल्याकडे कल्पनेतही येत नाही.

आपल्याकडे हे काम भारताच्या निवडणूक आयोगाच्या शंभर कामांतलं एक. सुरुवातीच्या काळात आयोगाच्या प्रमुखपदी कायद्याची माणसं सहज दिसत. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन आयसीएस होते आणि बरीच वर्षं जिल्हा न्यायाधीश राहिलेले. दुसरे के. व्ही. के. सुंदरम आणि तिसरे एस. पी. सेन वर्मा, दोघेही केंद्रात विधी सचिव होते. नंतर ही खुर्ची बहुतांशी आयएएस अधिकाऱ्यांकडे गेली. 2004 मध्ये टी. एस. कृष्णमूर्ती आले तेव्हा महसूल सेवेतला, म्हणजे आयकराच्या वर्तुळातला माणूस पहिल्यांदा मुख्य निवडणूक आयुक्त झाला. वकील मात्र खुर्चीसमोर उभे राहिले, याचिका घेऊन. निवडणुकीच्या पैशाचे आपल्याकडचे नियम आयोगाच्या कचेरीत जेवढे घडले, तेवढेच न्यायालयात घडले. किंवा मोडले.

घडण्या-मोडण्याची सगळ्यात मोठी घटना 1974 च्या ऑक्टोबरची. ती समजून घ्यायला आधी कायदा पाहू. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 77 व्या कलमानुसार उमेदवाराने निवडणूक खर्चाचा वेगळा आणि खरा हिशेब ठेवायचा आणि ठरवून दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. ओलांडली तर 123 व्या कलमाखाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवडणूक रद्द होऊ शकते. पहिल्या लोकसभेसाठी मर्यादा साधारण 25,000 रुपये होती. आज मोठ्या राज्यांत ती लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख आहे.

1971 मध्ये दिल्लीच्या सदर मतदारसंघात काँग्रेसचे अमरनाथ चावला जिंकले, जनसंघाचे कंवरलाल गुप्ता हरले. दिल्लीसाठी मर्यादा 10,000 रुपयांची. गुप्तांचं म्हणणं, चावलांचा खरा खर्च याहून कितीतरी अधिक आहे, फक्त तो पक्षाच्या नावावर टाकला आहे. 3 ऑक्टोबर 1974 रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. पी. एन. भगवती यांनी निकाल दिला. पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी खर्च केला, उमेदवाराला तो माहीत होता, त्याने तो नाकारला नाही, तर तो त्याचाच खर्च. दोन्ही खिसे एकाच अंगरख्याचे, असं न्यायालयाने मानलं.

पुढे काय झालं? सोळा दिवसांनी, 19 ऑक्टोबरला, सरकारने वटहुकूम काढला. 77 व्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलं: पक्षाने, मित्राने किंवा इतर कोणी केलेला खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. मर्यादा होती तिथेच राहिली, तिचा अर्थ गेला. उमेदवाराच्या खिशाला कुलूप आणि पक्षाचा खिसा उघडा.

योगायोग पाहा. याच आठवड्यात, 15 ऑक्टोबर 1974 ला, वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी वॉटरगेटनंतरच्या दुरुस्ती कायद्यावर सही केली आणि त्यातून फेडरल इलेक्शन कमिशन जन्माला आलं. चार दिवसांच्या अंतराने एका लोकशाहीने पैशावर पहारेकरी नेमला, दुसरीने दार काढून ठेवलं. अर्थात अमेरिकेला नाकं मुरडू द्यायचं कारण नाही. 1976 च्या जानेवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खर्चाची मर्यादाच घटनाबाह्य ठरवली, आणि तीन विरुद्ध तीन मतांत तो पहारेकरी किती वेळा थिजून बसतो याच्या कथा तिथले लोक स्वतःच सांगतात.

या सगळ्या गदारोळाच्या सुमारास जबलपूरमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक होती. इथले खासदार सेठ गोविंददास 1974 मध्ये वारले. हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते, नाटककार, पहिल्या लोकसभेपासून सलग निवडून येणारे. त्यांचे आजोबा राजा गोकुळदास यांची सावकारी पेढी मध्य प्रांतात नामांकित होती. गोविंददासांनी स्वतः स्वातंत्र्यलढ्यात घरच्या वैभवाकडे पाठ फिरवली, तुरुंगवास भोगला. तरी शहराच्या दृष्टीने ते सेठजीच. त्यांच्या जागेसाठी विरोधी पक्षांनी एकत्र येऊन उभा केला सत्तावीस वर्षांचा विद्यार्थी नेता, जबलपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा सुवर्णपदक विजेता शरद यादव. काँग्रेसच्या बालेकिल्ल्यात तो जिंकला. देशभर चर्चा झाली ती जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाच्या लाटेची. मला त्यातलं दुसरंच सूत्र खुणावतं: पैशाचे बांध मोकळे होत असतानाच पैशाशिवाय जिंकता येतं याचा एक दाखला या शहराने दिला. यादवांनी 1976 मध्ये खासदारकीचा राजीनामाही दिला. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवून घेण्याच्या निषेधार्थ राजीनामा देणारे दोघेच, एक हे आणि दुसरे पुण्याचे मधू लिमये.

तोवर वर्मा न्यायाधीश झाले होते. 1972 पासून ते मध्य प्रदेश उच्च न्यायालयात होते. आणीबाणीत स्थानबद्धांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या उच्च न्यायालयीन न्यायाधीशांत त्यांची गणना होते. जबलपूरहून वर गेलेलं ते सुप्रसिद्ध प्रकरण, 'एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल', एप्रिल 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकालात काढलं. बहुमतात यशवंतराव चंद्रचूड होते. 2017 मध्ये तो निकाल चुकीचा ठरवणाऱ्या पीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. या पितापुत्रांपैकी धाकटे आपल्याला पुढे पुन्हा भेटतील.

1989 मध्ये वर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे त्यांच्यासमोर ती डायरी आली. खरं म्हणजे डायऱ्या. मे 1991 मध्ये सीबीआयने दिल्लीत उद्योगपती जैन बंधूंच्या जागांवर छापे घातले. काश्मीरमधल्या अतिरेक्यांना हवालामार्गे पैसा पोहोचतो, त्या तपासाचा धागा तिथवर गेला होता. हाती लागल्या वह्या आणि सुटे कागद. त्यांत नावांची आद्याक्षरं, समोर आकडे. 1988 ते 1991 या काळातली बेरीज सुमारे 65 कोटी. आद्याक्षरं सगळ्या पक्षांतल्या बड्या राजकारण्यांशी आणि अधिकाऱ्यांशी जुळत होती. तपास तिथेच थबकला. 1993 मध्ये पत्रकार विनीत नारायण न्यायालयात गेले.

या प्रकरणात वर्मांच्या पीठाने केलेली गोष्ट आज नेहमीची वाटते, तेव्हा नवी होती. एकदा आदेश देऊन फाइल बंद करण्याऐवजी न्यायालयाने खटला उघडा ठेवला आणि तपासयंत्रणेला पुन्हा पुन्हा बोलावून प्रगती विचारली. मुंबईच्या बारमधले अनिल दिवाण न्यायमित्र म्हणून उभे होते. 1996 च्या जानेवारीत आरोपपत्रं दाखल होऊ लागली आणि केंद्रातल्या मंत्र्यांचे राजीनामे पडले. त्यांत रायपूरचे विद्याचरण शुक्ल होते, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे होते. विरोधी बाकांवरच्या लालकृष्ण अडवाणींनीही लोकसभेचा राजीनामा दिला. जबलपूरच्या जुन्या वकिलाच्या कोर्टात मध्य प्रदेशचं अर्धं राजकारण उभं राहिलं होतं, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

आणि मग खटले कोसळले. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं 34 वं कलम सांगत होतं की हिशेबाच्या वहीतली नोंद ग्राह्य असली तरी तेवढ्यावर कोणाला जबाबदार धरता येत नाही, तिला जोड देणारा स्वतंत्र पुरावा हवा. तो सीबीआयकडे नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने 1997 मध्ये अडवाणी आणि शुक्ल यांना आरोपमुक्त केलं, मार्च 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बाकीचे बहुतेक जणही सुटले. कायद्याच्या नजरेने पाहिलं तर योग्यच झालं. कोणीही आपल्या डायरीत कोणाचंही नाव लिहू शकतो. पण उमेदवार जो हिशेब आयोगाला देतो तो कायद्याला मान्य आणि त्यावर गल्लीतलं पोरही विश्वास ठेवत नाही, आणि या डायऱ्यांवर सगळा देश विश्वास ठेवत होता तर त्या कायद्याला पुरेशा नव्हत्या, ही विसंगती मात्र तशीच उरली.

वर्मांच्या हाती उरली यंत्रणा. 18 डिसेंबर 1997 च्या निकालात, निवृत्तीला बरोबर एक महिना असताना, त्यांनी तीच दुरुस्त करायला घेतली. केंद्रीय दक्षता आयोगाला कायद्याचं अधिष्ठान द्या, सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षांची मुदत द्या, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या चौकशीआधी सरकारची परवानगी घ्यायला लावणारा आदेश रद्द. त्याच वर्षी 7 मे रोजी, ते सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी ठराव केला की आपण आपली मालमत्ता सरन्यायाधीशांकडे जाहीर करू. दुसऱ्यांचे हिशेब विचारायचे तर आधी आपला.

पक्षाच्या खिशाकडे बोट दाखवणारा निकाल याच काळातला, पण दुसऱ्या पीठाचा. एप्रिल 1996 मधल्या 'कॉमन कॉज' प्रकरणात न्या. कुलदीप सिंग आणि न्या. फैजानउद्दीन यांच्यासमोर साधा प्रश्न होता: राजकीय पक्षांना आयकरात सूट आहे ती हिशेब ठेवण्याच्या अटीवर, मग पक्ष विवरणपत्रं का भरत नाहीत? न्यायालय म्हणालं, ज्या पक्षाचे हिशेबच नाहीत त्याला 1974 च्या स्पष्टीकरणाचा आडोसा घेता येणार नाही. फैजानउद्दीन हेही मध्य प्रदेश उच्च न्यायालयातूनच गेलेले.

या दुसऱ्या खिशाची पहिली झडती मात्र मुंबईत झाली होती, 1957 मध्ये. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करायचा होता. एका भागधारकाने विरोध केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला, कारण कायद्यात मनाई नव्हती. पण निकाल देतानाच त्यांनी संसदेला बजावलं की हा पैसा उद्या लोकशाहीचा गळा आवळू शकतो. मला छागलांचा हा निकाल त्यांच्या अनेक गाजलेल्या निकालांपेक्षा अधिक प्रामाणिक वाटतो: कायदा काय म्हणतो तेही सांगितलं आणि तो कुठे अपुरा आहे तेही. संसदेने मग 1960 मध्ये मर्यादा घातली, 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर पूर्ण बंदी आणली (पैसा थांबला नाही, फक्त सुटकेसमध्ये गेला), 1985 मध्ये बंदी उठवली. 2013 च्या कंपनी कायद्यात तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची कमाल ठरली. 2017 मध्ये ती कमालही काढली आणि निवडणूक रोखे आले: स्टेट बँकेतून घ्यायचे, पक्षाला द्यायचे, देणाऱ्याचं नाव गुप्त.

सहा वर्षांत सुमारे 16,500 कोटींचे रोखे विकले गेल्यावर, 15 फेब्रुवारी 2024 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली. पीठाचे प्रमुख होते तेच धनंजय चंद्रचूड, आणि सोबत अमरावतीचे भूषण गवई, ज्यांची वकिली नागपुरात गेली. बँकेने तपशील द्यायला 30 जूनपर्यंत मुदत मागितली. न्यायालयाने दिला एक दिवस.

वर्मा तोवर हयात नव्हते. निवृत्तीनंतर ते राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाचे अध्यक्ष होते, आणि शेवटचं मोठं काम दिल्लीच्या घटनेनंतरच्या त्या समितीचा 2013 चा अहवाल. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्यासह एकोणतीस दिवसांत, 23 जानेवारीला, तो सरकारला दिला. लोक तो स्त्रियांवरील अत्याचारांचा अहवाल म्हणून ओळखतात आणि ते बरोबरच आहे. पण त्यात एक अख्खं प्रकरण निवडणूक सुधारणांवर आहे. बलात्कारविषयक कायद्याच्या अहवालात उमेदवारांच्या शपथपत्रांचं काय काम, असं तेव्हा काहींना वाटलं. वर्मांना ते एकाच साखळीचे दुवे दिसत होते. कायदा करणारा कसा निवडून येतो यावर कायदा कसा राबेल ते ठरतं. तीन महिन्यांनी, 22 एप्रिलला, ते गेले. पुढच्या जानेवारीत सरकारने मरणोत्तर पद्मभूषण जाहीर केला, कुटुंबीयांनी तो नम्रपणे नाकारला.

1974 चं ते स्पष्टीकरण अखेर 2003 मध्ये बदललं. आता पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्च मोजतात. सूट उरली ती पक्षाच्या नेत्यांच्या प्रवासखर्चाला, म्हणजे ज्यांना आपण स्टार प्रचारक म्हणतो त्यांच्या. मान्यताप्राप्त पक्षाला असे चाळीस. पक्षांनी 20,000 रुपयांवरच्या देणग्यांची यादी आयोगाला द्यायची, असाही नियम आला. 2010 पासून आयोगाने खर्चावर नजर ठेवणारा वेगळा विभाग उघडला आणि निवडणुकीच्या काळात आयकर-सीमाशुल्काकडचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यांत खर्च निरीक्षक म्हणून जाऊ लागले. पण निरीक्षक पकडतो ते न्यायालयात टिकतंच असं नाही. नांदेडच्या भोकरमधून 2009 मध्ये निवडून आलेल्या अशोक चव्हाणांना 'पेड न्यूज'च्या प्रकरणात आयोगाने हिशेब नीट न दिल्याचं 2014 मध्ये ठरवलं, दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मध्य प्रदेशात दतियाचे नरोत्तम मिश्रा 2008 च्या हिशेबावरून जून 2017 मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरले, 2018 मध्ये तेही त्याच न्यायालयात सुटले. बातमी विकत घेतली हे सिद्ध करायला पावती लागते, आणि अशा व्यवहारात पावती कोण फाडतो?

तरी कुठल्याही मतदारसंघात प्रचाराच्या दिवसांत खर्च निरीक्षकाचं टेबल पाहण्यासारखं असतं. उमेदवाराचा हिशेबनीस वही घेऊन येतो. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. शेजारी निरीक्षकाची स्वतःची वही, आयोगाच्या भाषेत छाया नोंदवही. तिच्यात चित्रीकरण पथकाने मोजलेल्या खुर्च्या, झेंडे, गाड्या, आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाप्रमाणे लावलेले भाव. हिशेबनीस सांगतो खुर्च्या पाचशे, चित्रफितीत दिसतात दोन हजार. चहाच्या कपावरून घासाघीस होते, समोशावरून होते. मतदान होऊन निकाल लागला की तीस दिवसांत पूर्ण हिशेब द्यायचा.

तेवढ्यात, जबलपूरचंच टेबल असेल तर, तिथल्या डुमना विमानतळाच्या दिशेने हेलिकॉप्टरचा आवाज येतो. त्याचं भाडं दोन्ही वह्यांत नाही. तो स्टार प्रचारकाचा प्रवास. मात्र उमेदवार त्यात सोबत बसला तर प्रवासाचा निम्मा खर्च त्याच्या नावे लागतो. म्हणून हुशार हिशेबनीस आपल्या उमेदवाराला आधीच बजावून ठेवतो. साहेब, हार घेऊन हेलिपॅडपाशी उभे राहा, हात हलवा, फोटो काढा. आत बसू नका.